चौल-रेवदंड्याला नववीचा वर्ग

अलिबागहून मुरूडच्या रस्त्याला लागले की आक्षी, नागाव, चौल ही गावे एकामागोमाग मागे पडतात आणि सतरा-अठरा किलोमीटरवर रेवदंडा येते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या. भर दुपारीही अंगावर ऊन येत नाही. आमच्या माण तालुक्यातल्या माणसाला ती सावली पाहूनच निम्मा प्रवासखर्च वसूल झाल्यासारखे वाटते. कुंडलिका नदी इथे समुद्राला मिळते. नदीच्या मुखाशी उत्तरेला रेवदंडा, दक्षिणेला कोर्लईचा डोंगर, आणि रेवदंड्याला लागून जरा आतल्या बाजूस जुने चौल.

आज पाहणाऱ्याला ही शांत बागायती गावे दिसतात. पण अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक खलाशांना हे बंदर ठाऊक होते. टॉलेमीच्या भूगोलात ते 'सिमुल्ला' नावाने आहे. कान्हेरी लेण्यांतल्या शिलालेखांत ते 'चेमूल' आहे, अरबांच्या लिखाणात 'सैमूर'. एका गावाला इतक्या लोकांनी इतकी नावे दिली ती उगाच नव्हेत. जो आला तो काही घ्यायला आला, आणि जाताना काहीतरी ठेवून गेला.

या गावी मी गेल्या हिवाळ्यात गेलो तो एकटा नव्हे. आमच्या भागातल्या एका माध्यमिक शाळेचा नववीचा वर्ग, म्हणजे अडतीस पोरे-पोरी, दोन गुरुजी, समाजशास्त्राच्या बाई आणि मी असे प्रासंगिक करारावर घेतलेल्या एस.टी.तून गेलो. शेतीखात्याच्या माणसाचे शाळेच्या सहलीत काय काम, असे कोणी विचारील. त्याचे असे झाले. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवायला मी त्या शाळेत गेलो होतो. चहा घेताना बाई म्हणाल्या, "साहेब, व्हास्को द गामा कोणत्या साली आला हे पोरांना तोंडपाठ आहे. पण तो आल्यामुळे आपल्या घरात काय फरक पडला, हे एक पोर विचारत नाही. इतिहास म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी काही, असं त्यांना वाटतं."

मी म्हटले, शेतकरी तरी आमचे भाषण ऐकून कुठे सुधारित बियाणे पेरतो? शेजाऱ्याच्या बांधावर प्रात्यक्षिकाचा प्लॉट डोळ्यांनी पाहिला म्हणजे तो विचारायला लागतो. इतिहास-भूगोलालाही असा एखादा प्लॉट पाहिजे. तेव्हा बाईंनीच चौलचे नाव काढले. त्यांचे वाचन दांडगे आहे.

सहल निघायच्या आधी महिनाभर शाळेतच काम चालले होते. प्रत्येक पोराने आपल्या शेतात आणि स्वयंपाकघरात जे जे असेल त्याची यादी करून आणायची. मग पटांगणावर रांगोळीने जगाचा मोठा नकाशा काढला आणि ज्या पिकाचे मूळ ज्या देशात, तिथे त्या धान्याची मूठ ठेवायची असे ठरले. मूळ कुठले हे सांगायचे काम माझ्याकडे आले. ज्वारी, बाजरी आफ्रिकेत गेली. मका, मिरची, टोमॅटो, भुईमूग, बटाटा, सूर्यफूल ही सगळी अमेरिका खंडात गेली. डाळिंब, ज्यावर आता आमचा निम्मा तालुका जगतो, ते इराणाकडचे. कांदा मध्य आशियातला. गहू-हरभरा पश्चिम आशियातला. हुलगा, मटकी, तूर मात्र आपल्या मातीतली. एक पोरगा म्हणाला, "म्हंजी आपली भाकरबी आपली न्हाई?" मी म्हटले, चार हजार वर्षे पेरतोय, आता आपलीच. पण ती चालत आली आहे, हे खरे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तो चिमण्यांनी सगळी आफ्रिका टिपून खाल्ली होती. पुन्हा मांडावी लागली, आणि गंमत अशी की दुसऱ्यांदा मांडताना मला कोणी काही विचारले नाही.

पालकांची सभाही झाली. पैशाचा प्रश्न निघाला, मुलींच्या मुक्कामाचा निघाला, ते सुटले. तिसरा जरा अवघड होता. एक शेतकरी उठून म्हणाले, "बाई, इतिहास शिकवा, भूगोल शिकवा. पण आमच्या पोराला मशिदीत न् चर्चात कशाला न्यायचं?" सभेत दोन-चार माना हलल्या. बाई चिडल्या नाहीत. त्यांनी सांगितले, कोणी हात जोडायचे नाहीत, कोणी पाया पडायचे नाही, आणि कोणाला कमीही म्हणायचे नाही. पोरांनी चारच प्रश्न विचारायचे. तुमचा विशेष दिवस कोणता आणि त्या दिवशी काय करता? काय खाता, काय खात नाही? हे तुम्हाला कोणी शिकवले? आणि इथे केव्हापासून आहात? कोणाचा देव खरा, हा प्रश्न वहीत नाही. त्या गृहस्थांनी विचार केला आणि म्हणाले, "मग जाऊ द्या. पण आत पाऊल नको टाकायला." बाईंनी ते मान्य केले. मला वाटते तिथेच सहल निम्मी यशस्वी झाली. बापाचा शब्द मोडून पोराला काही शिकवायला गेले की ते शिकणे घरात टिकत नाही.

वह्यांची एक रीत बाईंनी घालून दिली होती, ती फार उपयोगी पडली. प्रत्येक पानावर तीन रकाने. पहिल्यात डोळ्यांनी पाहिलेले, दुसऱ्यात लोकांनी सांगितलेले, तिसऱ्यात पुस्तकात लिहिलेले. एकाची गोष्ट दुसऱ्यात घालायची नाही. रेवदंड्याच्या पोर्तुगीज किल्ल्यात शिरलो तेव्हा या रीतीची पहिली परीक्षा झाली. तिथे एक उंच बुरूज आहे, त्याला सातखणी म्हणतात. पोरांनी मान वर करून मोजले तर चारच मजले. एकाने भराभर 'सात मजली बुरूज' असे लिहूनही टाकले होते. बाईंनी त्याला पुन्हा मोजायला लावले. मग वहीत असे आले: पाहिले, चार; लोक सांगतात, सात होते. तो बुरूज मुळात ख्रिस्ती मठाचा भाग होता, ही नोंद तिसऱ्या रकान्यात गेली. तटाच्या आत आता माडांच्या वाड्या, घरे आणि रहाटाच्या विहिरी आहेत. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज आले, १५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाने वेढा घातला तो फुकट गेला, आणि १७४० मध्ये हे ठाणे मराठ्यांकडे आले. लढायांवर आम्ही याहून जास्त वेळ घालवला नाही. पुस्तकात लढायाच लढाया असतात.

पिकांचा गट एका वाडीवाल्या काकांकडे गेला. काकांनी नारळ, पोफळ, मिरीचे वेल दाखवले आणि मग कुंपणाकडची झाडे. काजू, पेरू, पपई, अननस. बाईंनी विचारले, ही नावे मराठी आहेत का? काका म्हणाले, "मग काय इंग्रजी?" इंग्रजी नव्हेत, पोर्तुगीज आहेत. झाडे अमेरिकेतली, आणली पोर्तुगीजांनी, आणि नावेही त्यांच्याबरोबर आली. मग पोरांना चटकच लागली. बटाटा, कोबी, पाव, साबण, चावी, घमेले, बिजागरी, फीत, लिलाव, पगार, नाताळ हे सगळे शब्द त्याच गलबतांतून उतरलेले. आंबा आपला, अगदी जुना आपला. पण हापूसचे नाव अफोन्सो या पोर्तुगीज नावावरून आले, आणि निवडक आंब्याची कलमे बांधून जात टिकवण्याचे काम त्यांच्या काळात पुष्कळ झाले.

पोरांना सर्वांत खरे वाटेना ते मिरचीचे. पोर्तुगीज येण्यापूर्वी या देशात मिरची नव्हती. तिखटासाठी मिरी होती, सुंठ होती, पिंपळी होती. एका मुलीने हिशेब करून विचारले, "मग ज्ञानेश्वर माउलींनी ठेचा खाल्लाच नाही?" नाही. सातशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात मिरचीचा ठेचा कोणीच खाल्ला नाही. माझ्या मते व्हास्को द गामाचे १४९८ हे साल त्या पोरीच्या डोक्यातून आता जन्मात जाणार नाही.

वाऱ्याचा गट खाडीवरच्या एका म्हाताऱ्या कोळीबाबांजवळ बसला होता. शेतकऱ्याने ऐकावे असे ते बोलणे होते. आषाढात समुद्र बंद, नारळी पौर्णिमेला नारळ सोडून होड्या पाण्यात, हे त्यांनी सांगितले. मग गुरुजींनी नकाशा उलगडला. जून ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येकडून आपल्याकडे वाहतो, म्हणजे आफ्रिका-अरबस्तानाकडून. हिवाळ्यात तो उलटतो आणि ईशान्येकडून त्यांच्याकडे वाहतो. शिडाच्या जहाजाला दुसरे इंजिन नव्हते. अरबस्तानाची गलबते पावसाळ्याचा जोर ओसरताना त्या वाऱ्यावर इकडे यायची आणि हिवाळी वाऱ्यावर माल भरून परत जायची. मधले महिने व्यापारी बंदरातच मुक्कामाला. कोणी घरे केली, कोणी लग्ने केली. अरब प्रवासी अल्-मसूदी इ.स. ९१५-१६ च्या सुमारास इथे आला होता. सुमारे दहा हजार मुसलमान या शहरात राहतात आणि त्यांत ओमान, बसरा, बगदादकडचे लोक आहेत, असे त्याने लिहून ठेवले आहे. ज्या वाऱ्याची आपण जूनमध्ये आभाळाकडे बघत वाट पाहतो, त्याच वाऱ्याने ही वस्ती केली. पोरांनी भूगोलात 'मोसमी वारे' हा धडा तीन वर्षे वाचला होता. तो वारा नुसता पाऊसच आणत नव्हता, माणसेही आणत होता, हे त्यांना कोळीबाबांजवळ बसल्यावर कळले.

आता त्या रशियन माणसाची हकिगत. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात एक स्मारक उभे आहे. ते अफानासी निकितिन या व्यापाऱ्याचे. व्होल्गा नदीकाठच्या त्वेर गावचा हा माणूस व्हास्को द गामाच्या पंचवीसेक वर्षे आधी चौलला उतरला. अभ्यासक ते साल १४६९ ते १४७१ च्या दरम्यानचे धरतात. वाटेत अस्त्रखानजवळ त्याला लुटले, घरी परत जावे तर कर्जाचा डोंगर, म्हणून तो पुढे इराणात आणि तिथून होर्मुझ बंदरात गेला. हिंदुस्थानात चांगली घोडी निपजत नाहीत, तिथे घोड्याला सोन्याचा भाव येतो, असे ऐकून त्याने एक घोडा घेतला आणि गलबतात चढवला. बाजारभाव नीट न विचारता माल घेऊन निघालेला हा काही पहिला नव्हे आणि शेवटचाही नव्हे.

चौलहून पालीवरून घाट चढून तो जुन्नरला गेला आणि तिथे पावसाळाभर अडकला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि त्याच दिवसांत इथले लोक नांगरतात, पेरतात, याचे त्याला मोठे नवल वाटले. घोड्यांना हरभरा घालतात आणि साखर-तूप घालून खिचडी शिजवून देतात, हेही त्याने लिहिले आहे. हे ऐकून आमची पोरे हसून लोळली. एकजण म्हणाला, "आमच्या बैलानं ऐकलं तर औताला जुपूनच घ्यायचा न्हाई."

पण पुढचे ऐकताना सगळी गप्प बसली. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि सांगितले, मुसलमान हो. घोडाही देतो आणि वर हजार मोहरा. नाहीतर घोडा गेला. चार दिवसांची मुदत. परक्या मुलखात, कर्जात बुडालेला, एकटा माणूस. त्याला सोडवले ते खुरासानच्या एका ओळखीच्या गृहस्थाने. त्याने खानाकडे रदबदली केली, घोडा परत मिळवून दिला आणि धर्म बदलण्याची गोष्टही मिटवली. बाईंनी वर्गाला इतकेच विचारले, की धमकी देणारा कोणत्या धर्माचा? मुसलमान. आणि सोडवणारा? तोही मुसलमान. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, दोन्ही गोष्टी वहीत लिहायला लावल्या.

निकितिनची आणखी एक अडचण मला फार जवळची वाटली. लुटीत त्याची धर्माची पुस्तकेही गेली होती. त्यामुळे आपला ईस्टरचा सण केव्हा येतो, उपवास केव्हा धरायचे, हे त्याला कळेना. पंचांग नसलेला माणूस. तो मग अंदाजाने उपवास करी, कधी भोवतीच्या मुसलमानांच्या रोज्यांबरोबर करी, आणि आपले चुकते आहे म्हणून तळमळे. हे सगळे त्याने स्वतः लिहिले आहे. मायदेशी परतताना वाटेतच, स्मोलेन्स्कजवळ, तो वारला, पण वही पोचली. 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' म्हणून ती जगभर ओळखली जाते. १९५७ साली त्याच्यावर 'परदेसी' हा चित्रपट निघाला होता, तो आमच्या वयाच्या काहींना आठवत असेल.

या गटात एक मुलगी होती धनगराची. दिवाळीनंतर घरची मंडळी मेंढरे घेऊन कोकणात उतरतात, तेव्हा ही चार महिने शाळेबाहेर. त्यामुळे हजेरी कमी, वर्गात मागे, आणि नववीनंतर शाळा बंद असे घरी ठरलेलेच. सहलीला ती बाईंच्या हट्टामुळे आली होती. निकितिनला चौलहून जुन्नरला पोचायला तीन आठवड्यांहून जास्त लागले, हे ऐकून ती पहिल्यांदाच बोलली. "एवढे दिवस कशाला लागतील? माझा आजा मेंढरं घेऊन लवकर जाईल."

बाईंनी विषय तिथेच धरला. नकाशावर दोरा लावून घाटवळणांसह अंतर काढले, ते दोनशे किलोमीटरच्या आसपास भरले. म्हणजे रोजचे आठ-नऊ किलोमीटर. संध्याकाळी समुद्रावरून मुलीने आज्याला मोबाईल लावला. त्यांचा वाडा तेव्हा महाडच्या बाजूला कुठेतरी भातखाचरांत बसला होता. आजा म्हणाला, "मेंढरं असली तर दिसाला दोन कोस. कोकरं नवी असली तर तेबी न्हाई. घोडं घिऊन एवढं दीस लागलं म्हंजी तो वाटंत थांबत असणार. चालायचं दीस येगळं, थांबायचं येगळं. घाटात वाट धरायच्या आधी सोबत बघावी लागती, दाणागोटा बघावा लागतो." पुस्तकात त्या दिवसांचा आकडा आहे, तो तसा का, याचे उत्तर नाही. ते आज्याने दिले. पोरीने ते दुसऱ्या रकान्यात लिहिले आणि खाली आज्याचे नाव घातले. त्या रात्री अख्खा वर्ग तिला विचारत होता, कोणता घाट कुठे उतरतो, मेंढरे रात्री कशी राखतात, पाणी कुठे मिळते. सह्याद्रीचे घाट तिला पुस्तकाशिवाय ठाऊक होते; आजवर ते तिला कोणी विचारले नव्हते, इतकेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मांचा गट बेने इस्राएल समाजाच्या प्रार्थनामंदिरापाशी गेला. हे आपले मराठी बोलणारे ज्यू लोक. त्यांची परंपरा अशी सांगते, की पूर्वी केव्हातरी अलिबागच्या उत्तरेस नवगावजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि त्यांचा हा वंश. ही गोष्ट दुसऱ्या रकान्यातली. पण नवगावला त्यांची जुनी दफनभूमी आहे, ती पहिल्यातली. गावोगाव हे लोक तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावे आपल्यासारखीच गावांवरून. चेऊलकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. १९४८ साली इस्राएल झाल्यावर बहुतेक मंडळी तिकडे गेली. इकडे थोडी घरे उरली आहेत.

समाजाचे एक वयस्क गृहस्थ माहिती द्यायला आले होते. आत सगळी पोरे बसली. तो एक मुलगा मात्र बापाने सांगितल्याप्रमाणे बाहेर चपलांपाशी उभा राहिला. गृहस्थांनी विचारले, हा का आत येत नाही? बाईंनी खरे ते सांगितले. त्यावर ते जरासुद्धा रागावले नाहीत. "मग आपणच बाहेर बसू की," असे म्हणून सगळ्यांना घेऊन ते पायरीवर येऊन बसले. त्यांनी शब्बाथ म्हणजे काय ते सांगितले. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत काम नाही, चूल पेटवायची नाही. त्यांच्या धर्मग्रंथात तर असे आहे, की त्या दिवशी चाकराने, बैलाने, गाढवानेही विसावा घ्यावा.

तेव्हा तो बाहेरचा मुलगा म्हणाला, "आमच्यात सोमवारी बैल जुपत न्हाईत. महादेवाचा वार असतो."

गृहस्थ म्हणाले, "बरोबर. म्हणूनच आमच्या आज्याचा घाणा शनिवारी बंद, आणि तुमचं औत सोमवारी." मग त्यांनी मलिदा सांगितला. त्यांच्या एलियाहू हनाबी या पैगंबराच्या नावाने करायचा नैवेद्य, पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे घालून. प्रार्थना हिब्रू, आणि ताटात कोकणचे पोहे-खोबरे. त्या मुलाने घरी जाऊन बापाला काय सांगितले ते मला ठाऊक नाही. पण प्रदर्शनात शब्बाथ आणि सोमवार यांचा तक्ता त्याचाच होता, आणि तो बापाने उभे राहून वाचला.

चौलच्या डोंगरावर हिंगळाजदेवी आहे. तिचे मूळ ठाणे बलुचिस्तानात, म्हणजे आज पाकिस्तानात. तेव्हा देवही प्रवास करतात, आणि हे पोरांनीच नकाशावर दाखवले. गावातल्या रामेश्वराच्या देवळात पर्जन्यकुंड आहे. ते एरवी झाकलेले असते, मोठ्या अवर्षणात उघडीत, असे सांगतात. आमच्या माणच्या पोरांनी तिथे जरा जास्तच वेळ काढला. "आपल्याकडं असतं तर कायम उघडंच ठिवावं लागलं असतं," असे कोणीतरी म्हणाले.

साळावच्या पुलावरून पलीकडे कोर्लईला गेलो तो डिसेंबरचा तिसरा आठवडा होता. घराघरावर नाताळचे कंदील चढत होते. किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वाड्यात हजाराच्या आतबाहेर माणसे अशी आहेत, की घरात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून झालेली एक वेगळीच भाषा बोलतात. तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. पोर्तुगीज राज्य १७४० मध्ये गेले, पण भाषा अडीचशेहून अधिक वर्षे या एवढ्याशा गावात तगली. बाहेर सगळे मराठी बोलतात, शेती करतात, मासे धरतात. भाषेच्या गटातल्या मुली एका आजीबाईंपाशी बसल्या. त्या आपल्या भाषेत बोलत आणि मराठीत समजावून सांगत. नातवंडे आता इंग्रजी शाळेत जातात, ती ही भाषा पुढे बोलतील की नाही याची त्यांना काळजी आहे. आमच्या मुली गावी परतल्यावर आपल्या आज्यांचे शब्द उतरवून घ्यायला लागल्या. मोटेचे, नाड्याचे, पेवाचे शब्द. मोट गेली तसे ते शब्दही चालले होते. हा प्रकल्प बाईंच्या यादीत मुळात नव्हताच.

फेब्रुवारीत शाळेत प्रदर्शन भरले. दोन दिवसांनी महाशिवरात्र होती, म्हणून एका गटाने उपवासाचे ताट मांडले. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा, बटाटा, रताळे, हिरवी मिरची, राजगिरा, सगळे त्या खंडाकडचे. प्रत्येक पदार्थापासून भिंतीवरच्या नकाशापर्यंत लाल दोरा. वरईची भगर तेवढी दोऱ्यावाचून. एक म्हातारी पुष्कळ वेळ दोरे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "एवढ्या लांबनं यायचं, मग म्हाग हुणारच की."

धनगराच्या पोरीचा बाप कळप भावावर सोपवून एका दिवसासाठी कोकणातून आला होता. लेक निकितिनचा रस्ता काठीने दाखवत होती आणि आज्याचे नाव घेऊन सांगत होती. मुख्याध्यापकांनी त्याला खुर्ची दिली, तो बसला नाही. जाताना बाईंना म्हणाला, "माझी भैन गावातच हाय. तिच्याकडं ऱ्हाईल दहावीपत्तुर." यंदा ती दहावीला आहे आणि हजेरी पुरी आहे.

कोणा शाळेला असे जायचे असेल तर दोन-चार गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. प्रार्थनामंदिर, मशीद, चर्च यांना आधी कळवून वेळ घ्यावी, आणि शनिवारी ज्यू मंदिरात चौकशीला जाऊ नये. कोर्लईचा किल्ला सकाळीच चढावा. पोरांचे गट आठांहून मोठे नसावेत. मोठ्या घोळक्यापुढे गावचे माणूस बोलत नाही. आपल्याकडचे मूठ-मूठ धान्य बरोबर न्यावे. आमच्या हुलग्या-मटकीवरून वाडीवाल्या काकांशी जेवढ्या गप्पा झाल्या तेवढ्या कोणत्याही प्रश्नावर झाल्या नाहीत.

यंदाच्या नववीने धाराशिव जिल्ह्यातले तेर मागितले आहे. गोरोबाकाकांचे तेर. ग्रीकांच्या पुस्तकात त्याचे नाव तगर आहे, आणि रोमन काळातल्या व्यापाराच्या खुणा तिथल्या वस्तुसंग्रहालयात आहेत. तारीख अजून ठरायची आहे. डाळिंबाचा बहार बघून धरावी लागेल, कारण तोडणीच्या दिवसांत निम्मा वर्ग शेतावर असतो.